अंग सैल सोडा

सांगलीत एका हॉस्पिटलमध्ये मी आणि सुजित एकाच मॅडमच्या हाताखाली पीएच.डी. करत होतो. विषय क्लिनिकल हेल्थ सायकॉलॉजी, म्हणजे शरीराच्या आजारानं मनाचं काय होतं ते बघायचं आणि पेशंटला आधार द्यायचा. मी वाईची, सुजित मेढ्याचा. आमचे प्रबंध आता लायब्ररीत धूळ खात असतील, पण मॅडम धरून आम्ही तिघं भेटलो की किस्से मात्र संपत नाहीत. एक सुरू केला की दुसरा आपोआप निघतो, आणि चहा गार होतो.

सुजितचा पहिला पेशंट मेढ्याकडचेच एक रिटायर्ड सुभेदार. हार्ट अटॅक येऊन गेलेला. सुजितनं "मी सायकॉलॉजिस्ट" म्हटल्याबरोबर ते उठून बसले.

"मला याड लागलंय असं कुणी सांगितलं तुला?"

सुजित इतका घाबरला की खरं तेच बोलून गेला. "कुणी न्हाई, आबा. मी नवीन हाय. शिकतोय."

सुभेदारांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मग बस. रंगरूटाला हाकलायचं नसतं."

त्यानंतर ते तासभर बोलले. बायको गेल्यापासून एकट्यानं जेवायचा कंटाळा येतो, म्हणून रात्रीचं जेवणच सोडलंय, हे त्यांनी डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं. डिस्चार्जच्या दिवशी जाताना सिस्टरना म्हणाले, "त्या पोराला नीट यायला लागलं का बघा. न्हाईतर परत ॲडमिट हुतो."

दुखणं मोजायची आमची एक पद्धत होती. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. संधिवाताच्या एका आजींना मी विचारलं, "आजी, शून्य ते दहात तुमचं दुखणं किती?"

"सून घरात असताना का नसताना?"

मला हसू आलं. पुढचं ऐकायच्या आधीच मला कळल्यासारखं वाटलं होतं. तरी विचारलं, "दोन्ही सांगा."

"हाय तवा चार. शाळंत शिकवाय गेली की आठ."

सून शेजारीच उभी होती. तिनं पटकन खिडकीकडं तोंड फिरवलं आणि पदरानं डोळे पुसले.

कंबरदुखीच्या पेशंटसाठी मॅडमनी दुपारचा ग्रुप सुरू केला. रिलॅक्सेशनच्या सूचना सुजितनं स्वतः मराठीत आणल्या होत्या. "आपले संपूर्ण शरीर शिथिल करावे," असं त्यानं गंभीर आवाजात सुरू केलं.

"शितील म्हंजे काय करायचं?" एका काकांनी डोळे उघडून विचारलं.

मॅडम मागच्या खुर्चीवरून म्हणाल्या, "अरे, अंग सैल सोडा म्हण."

सुजितनं कागद खाली ठेवला आणि आईशी बोलावं तसं बोलायला लागला. "पाय सैल सोडा. खांदं सोडा. घरची काळजी हितं जरा बाजूला ठिवा." थोड्या वेळानं सगळा ग्रुप झोपला. सकाळपासून राउंड घेऊन दमलेल्या मॅडमसुद्धा! उठवायचं कुणाला आणि कसं, ते काही त्याच्या कागदावर नव्हतं. तो तसाच बसून राहिला. जाग आल्यावर मॅडम घड्याळाकडं बघून एवढंच म्हणाल्या, "आवाज चांगला आहे तुझा."

सुजितच्या व्हायव्हाला त्याचे वडील मेढ्याहून आले, इस्त्रीची टोपी घालून. शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पद्धत म्हणून विचारलं, "श्रोत्यांपैकी कुणाला काही प्रश्न?" वडील उभे राहिले.

"ह्यो आता डाक्टर झाला. मग माजं गुडघं बघील का?"

सुजित म्हणाला, "दादा, गुडघं न्हाई. गुडघ्यापायी तुमी जी चिडचिड करता, ती बघीन."

वडिलांनी जरा विचार केला. "मग लय काम हाय तुला," म्हणाले आणि खाली बसले. परीक्षकांनी दुसरा प्रश्न घेतलाच नाही.

मॅडमच्या ऑपरेशनचा किस्सा आम्ही त्यांच्या देखतच सांगतो, कारण त्या आता ठणठणीत आहेत. छातीत गाठ निघाली होती. ऑपरेशनच्या सकाळी त्यांना भेटायला मी आत गेले, सुजित दारापाशी थांबला. त्याच्याच्यानं आत येववेना. मॅडम हिरव्या गाऊनमध्ये, चष्म्याशिवाय, एकदम लहान दिसत होत्या. इतकी वर्षं कॉटच्या या बाजूला आम्ही त्यांच्या मागं उभे असायचो. मी उभ्याउभ्याच विचारलं,

"मॅडम, भीती वाटतेय का?"

"चुकला प्रश्न," त्या म्हणाल्या. "हो किंवा नाही म्हणून पेशंट सुटतो. परत विचार."

मी स्टूल ओढलं, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला बसले. आवाज सांभाळत विचारलं, "मॅडम, आज मनात काय काय येतंय?"

त्यांनी माझा हात धरला आणि दाराकडं मान वळवली.

"सुजित, तूही आत ये. सांगते."