आमच्या घरातले बाबा

दादा गेला तेव्हा मी सोनईजवळ एका डाळिंबाच्या बागेत सौदा करत होतो. बागवाला हट्टी निघाला होता. तेवढ्यात माझा मुलगा संजय मोटारसायकल बांधावर लावून धावत आला आणि म्हणाला, "नाना, बाबा गेले." बागवाल्याने एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "शेठ, ह्यो तुमचाच पोरगा ना?" मी सौदा तसाच टाकून संजयच्या मागे बसलो... घर येईपर्यंत डोक्यात दादाच्या जाण्यापेक्षा तो प्रश्नच जास्त घोळत होता. लिहायला बरं दिसत नाही, पण झालं ते असं.

दादा माझा थोरला भाऊ. नेवाशाजवळच्या आमच्या घरात दोघांचे संसार एकत्र. त्याची मुलं माझ्या मुलांच्या आधीची; ती त्याला बाबा म्हणत आणि मला, त्यांच्या चुलत्याला, नाना. माझी संजय आणि सुनंदा त्यांच्यातच वाढली, त्यांचं ऐकूनच बोलायला शिकली. त्यांचाही बाबा दादाच झाला आणि मी नाना. अशी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मला वाटायचं. दादा शेती बघायचा आणि संध्याकाळी ओट्यावरच्या खाटेवर बसून पोरांची भांडणं सोडवायचा. मी फळबाजारात दुसऱ्यांच्या पाट्या उचलत सुरुवात केली आणि पुढे स्वतःचा टेम्पो घेऊन फळांचा व्यापार. हाकेची किंमत मला कुणी शिकवायला नको. पाटील म्हटलं की जो सैल होतो त्याला पाटील, मामा म्हटल्यावर ज्याला नाही म्हणणं जड जातं त्याला मामा. जिल्हाभर ज्याला त्याला हवी ती हाक देत फिरायचं, आणि घरी आलं की आपलीच पोरं आपल्याला चुलत्याच्या हाकेनं बोलावणार.

संजय लहान असताना एका दिवाळीला मी त्याला नगरहून नवी सायकल आणली. किल्ली मुठीत धरून म्हणालो, "बाबा म्हण, मग देतो." पोरगं सायकलीकडे बघत राहिलं, मग दादाकडे. दादा खाटेवरून म्हणाला, "पोराशी बी सौदा करतोस व्हय रे?"

"तुला काय जातंय बोलायला? तुला आयती मिळालीय हाक."

"मी न्हाई मागितली."

"मग सोड."

तो चिडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दोन्ही मुलांना समोर बसवून त्याने सांगितलं, "आजपासनं मला काका म्हणायचं. तुमचा बाबा त्यो हाय." मुलं त्याला काका म्हणू लागली. मी मात्र नानाच राहिलो. त्याने हाक सोडली म्हणून गावात त्याचं मोठेपण वाढलं, माझ्या पदरात काहीच पडलं नाही. बापाने मुलांकडून बाबा ऐकायचं मागितलं, त्यात चुकलं काय, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

दादाचे दिवस झाल्यावर सुनंदा सासरी जायला निघाली, तेव्हा मी तिला विचारलं, "इतकी वर्षं संजय दादाला काका म्हणत होता ना? मग त्या दिवशी त्याच्या तोंडी बाबा कसं आलं?"

तिने हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "ते तुमच्यासमोर, नाना. वळणावर तुमच्या टेम्पोचा हॉर्न वाजला की बाबाच सांगायचे, चला, आता काका म्हणा रे, मालक आले."

सगळं घर त्यात सामील होतं. माझी बायकोसुद्धा. बाजारात मला फसवायला माणूस दहादा विचार करतो, आणि इथे माझ्याच ओट्यावर... भांडावं तर माणूस जागेवर नाही. हाक सोडली म्हणालास आणि ठेवलीस, असं त्याला तोंडावर विचारायचं होतं. मग वाटतं, पोरं आपणहून म्हणत होती, तो तरी त्यांची तोंडं कशी बंद करणार? घटकाभर ते पटतं. पुन्हा पटत नाही.

खाट ओट्यावरच आहे. हलवू नका, असं मीच सांगितलं. हल्ली मी वळणावर हॉर्न वाजवत नाही, टेम्पो तिथेच लावून चालत येतो. परवा सुनंदा आली होती. सगळी भावंडं खाटेवर बसली होती आणि संजय दादाची नक्कल करत होता, "बाबा कसे म्हणायचे..." मी दिसलो तसा थांबला.

"बोल की," मी म्हणालो.

"काही नाही, नाना," तो म्हणाला, आणि सरकून त्याने मला खाटेवर जागा करून दिली. मी उभाच राहिलो.