आमची आरोग्य समिती आणि ती बंद खोली

आमच्या आरोग्य समितीची मीटिंग महिन्यातून एकदा होते. प्रोसिडिंग बुकात लिहायला दीड पान पुरतं. पण ठराव लिहून झाल्यावर जे उरतं, ते कुठल्या रकान्यात घालायचं? ते माझ्याकडंच साठत गेलं. परवा मित्रांना सांगायला बसलो, तर चहाचे तीन राउंड झाले. त्यातलंच हे थोडं.

*

सांगोल्याच्या पुढं आमचं गाव. भोवती डाळिंबाच्या बागा आणि स्टँडच्या मागं प्राथमिक आरोग्य केंद्र. मी गावच्या हायस्कूलला मराठी शिकवतो. समितीत खरं तर माझी बायको होती. ती गेली आणि जागा रिकामी झाली. महिनाभरानं सरपंच अण्णा घरी आले. जरा वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि म्हणाले, "सर, मीटिंगला कोरम भरत न्हाय. तुमीच बसा की."

गेलो. पहिल्याच दिवशी हजेरीची वही समोर आली आणि कळलं, की ही जागा महिलांची! क्लार्कनं जुना नमुना तसाच ठेवला होता. आधी 'सौ.' आणि पुढं माझं नाव.

तासभर मी गप्प बसून होतो. शेवटी भीमाबाई, आमच्यातल्या सगळ्यात जुन्या मेंबर, माझ्याकडं वळल्या. "सर, बायकांच्या खुर्चीवर बसलाय, तर बायकांसारखं बोला की!"

बोलण्यासारखा विषय एकच होता. केंद्रातली बाळंतपणाची खोली बांधून झाल्यापासून बंद होती. पाणी नाही म्हणून. बायकोच्या अक्षरातला शेवटचा ठराव तोच होता. आणि गावच्या आशा सेविका मंगलताई यांची सून रेश्मा गेल्या खेपेला तालुक्याला नेताना पिकअप गाडीतच बाळंत झाली होती. पोरगी ठणठणीत आहे, गाव तिला लाडानं 'पिकअप' म्हणतं. पण रक्त इतकं गेलं, की रेश्मा थोडक्यात वाचली. आता तिला पुन्हा पाचवा महिना लागला होता.

मंगलताई एवढंच म्हणाल्या, "सर, ह्या खेपेला गाडी नको. चार भिंती पायजेत."

मी ठराव पुन्हा लिहिला. 'सौ.' खोडायचं राहूनच गेलं.

*

केंद्रात तक्रारपेटी आहे. नियमाप्रमाणं ती समितीसमोर उघडायची. उघडली. आत दोन लग्नपत्रिका, एक तपकिरीची पुडी आणि एकच चिठ्ठी. डॉक्टरांनी ती मोठ्यानं वाचली. "पेटी लई उंचावर हाय. हात पुरत न्हाय."

डॉक्टर नव्या होत्या, लातूरकडच्या, अंगानं काटकुळ्या पण उंच. त्या विचारात पडल्या. "हात पुरत नाही, तर मग चिठ्ठी टाकली कशी?"

भीमाबाई म्हणाल्या, "म्हंजे? मंगळवारी तुमच्याच हातात न्हाय का दिली? म्हनलं, एवढी टाका वर!"

*

डॉक्टर नऊला येतात की नाही, हे बघायची जबाबदारी भीमाबाईंनी स्वतःच घेतली होती. रोज पावणेनऊला बाहेरच्या बाकावर बसायच्या. डॉक्टर आल्या, की भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायच्या, मान हलवायच्या आणि घरी जायच्या.

एक दिवस बाक रिकामा. दुसऱ्या दिवशीही रिकामा. डॉक्टर दुपारी बॅग घेऊन थेट त्यांच्या घरी. भीमाबाई तापानं फणफणलेल्या.

डॉक्टर म्हणाल्या, "दोन दिवस गैरहजर आहात. अर्ज नाही, काही नाही!"

भीमाबाईंनी गोधडीतून तोंड बाहेर काढलं. "पगार कापा."

*

मग आलं रिपोर्ट कार्ड. गावातल्या बायकांनी केंद्राच्या कामाला रंग द्यायचे. चांगल्याला हिरवा, बऱ्याला पिवळा, वाईटाला लाल. वरून तक्ता आला, पण चिकटवायचे रंगीत ठिपके आलेच नाहीत. मंगलताईंनी दुकानातनं टिकल्यांची पाकिटं आणली आणि काम भागवलं.

संध्याकाळी तक्ता भिंतीवर लागला. औषधं मिळतात का? लाल. लसीकरण? लाल. डॉक्टर नीट बोलतात का? एकीखाली एक नऊ लाल टिकल्या!

डॉक्टरांचा चेहरा उतरला. पाणी प्यायल्या. म्हणाल्या, "एवढं वाईट वागते का हो मी?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एक म्हणाली, "अवो, चांगलंच दिलंय की! लाल म्हंजे कुंकू."

मी मास्तरकी केली. चांगल्याला हिरवा असतो, असं समजावून सांगितलं. तर भीमाबाई पुढं झाल्या. "लाल कुंकू, पिवळी हळद, हिरवा चुडा. ह्यात वाईट कुटलं ते तुमीच दावा, सर!"

मी टिकल्यांचं पाकीट मंगलताईंना परत दिलं.

तक्त्यात एक ओळ तेवढी रिकामी होती, बाळंतपणाच्या खोलीची. डॉक्टरांनी विचारलं, "इथं काहीच नाही लावलं?"

"कुलपाला टिकली कुटं लावायची?" भीमाबाई म्हणाल्या.

*

तालुक्याहून एक साहेब जनसंवादाला आले. मांडव घातला होता, शंभरेक माणूस. रेश्मा सातव्या महिन्यात, पुढच्याच रांगेत बसलेली. साहेबांनी फाईल उघडून वाचलं, "बाळंतपणाची खोली. पाणी उपलब्ध."

मी उठलो. म्हणालो, "साहेब, पाणी नाही."

"नळजोडणी पूर्ण, असं लिहिलंय इथं."

मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात भीमाबाईंनी माझा शर्ट ओढून मला खाली बसवलं. "ऱ्हाऊ द्या, सर. साहेब म्हनत्यात तर आसंल पानी. जेवणाची येळ झाली. साहेब, हात धुवून घ्या. त्या खोलीचं कुलूप काढलंय, आत बेसिन हाय, साबन भिजवून ठेवलाय."

साहेब आत गेले. आधी हाताला साबण लावला, मग कोपरानं नळ फिरवला. नळ नुसताच फुसफुसला. साहेब दोन्ही हात हवेत धरून बाहेर आले, पांढरे फेसाळ.

भीमाबाई म्हणाल्या, "थांबा, साहेब. पानी फायलीत हाय. मंगल, फाईल आन गं, साहेबांच्या हातावर वत!"

त्याच महिन्यात पाइप आला.

*

खोलीच्या उद्घाटनाला अण्णांनी सोलापूरहून मोठे पाहुणे ठरवले. दहाची वेळ. दाराला लाल फीत, तबकात कात्री, फोटोग्राफर. साडेदहा झाले, अकरा झाले. पाहुणे 'निघालोच' म्हणत होते.

तेवढ्यात मंगलताई रेश्माला धरून आल्या. डॉक्टरांनी अजून आठ दिवस सांगितले होते, पण पोटातल्याला कोण सांगणार? रेश्माचे ओठ पांढरे पडलेले. "तालुक्याला नको, आत्याबाई," एवढंच ती म्हणत होती.

अण्णा दारात आडवे आले. "फीत कापायची न्हाय! पाव्हणे यायचेत!"

"कापतंय कोन?" भीमाबाईंनी काठीनं फीत वर उचलली. पार चौकटीपर्यंत. रेश्माला वाकावं लागलं नाही. मागून डॉक्टर, सिस्टर, मंगलताई. दार लागलं, काठी खाली आली, फीत पुन्हा सरळ.

अण्णा तबक धरून दाराशीच उभे होते. माझं लक्ष दाराच्या कडीवरून हलत नव्हतं.

साडेबाराला पाहुणे आले. हार झाला. त्यांनी कात्री उचलली, फोटोग्राफर सरसावला, आणि आतून बाळाचा टाहो! पाहुण्यांचा हात तसाच राहिला. दार किलकिलं झालं. मंगलताई, हात कोपरापर्यंत ओले, डोळे ओले. फितीवरून आम्हाला म्हणाल्या, "बरी हाय! दोगंबी बरी हायती!" आणि दार पुन्हा बंद.

पाहुणे गोंधळले. "कोण बरी आहे? आत कोण आहे?"

भीमाबाई पदर सावरत पुढं झाल्या.

"उद्घाटक हायत, साहेब. जरा दम धरा, अजून अंगात कापडं न्हायती त्यांच्या."