आक्कांनी घेतलेला सवाल

आमच्या सासूबाई, गुणमाला आक्का, सत्तरीला आल्यात, पण अजून कुणाला त्यांना खुर्चीत नीट बसवता आलेलं नाही. बसल्याच तर चपला घालण्यापुरत्या. इस्लामपुरात आमचं खता-बियाण्याचं दुकान आहे. माझे पती अरिहंत सकाळी दुकान उघडायला गेले की घरात उरतो आम्ही तिघी: आक्का, मी आणि चौथीत शिकणारी ब्राह्मी. मग दिवसभर माझ्या कानावर एकच वाक्य येत राहतं, "गुरुकुलात आमच्यात असं नव्हतं."

गुरुकुलात पाणी गाळून पीत, म्हणून आमच्या प्रत्येक नळाला पांढरं फडकं बांधलेलं असतं. मी पाण्याचं मशीन घेतलं, तर आक्कांनी त्याच्याही नळाला फडकं बांधलं. म्हटलं, "आक्का, त्यात आधीच तीन जाळ्या आहेत."

"असू देत की. मशीनला काय कळतंय जीव कशाला म्हणत्यात ते!"

गुरुकुलात दिवस मावळायच्या आत जेवण व्हायचं. ब्राह्मीची शिकवणी नेमकी त्याच वेळी सुटते. मग आक्का डबा घेऊन शिकवणीच्या दारात उभ्या राहतात आणि माझी लेक रिक्षात बसून, मैत्रिणींच्या देखत, हिंदकळत आमटीभात खाते. कपड्यांवरचे पिवळे डाग मी धुते.

कडेगावच्या बाजूला एका लहान गावात आक्का जन्मल्या. चार बहिणींतली ही दुसरी. गावातली शाळा चौथीपर्यंत, तीही मुलांनी भरलेली. आठव्या वर्षी वडिलांनी त्यांना कृष्णाकाठच्या आमच्या जैन कन्या गुरुकुलात आणून सोडलं. तिथं त्या दहावी झाल्या, पूजा शिकल्या, शिवण शिकल्या आणि चार माणसांत उभं राहून बोलायला शिकल्या. हे शेवटचं शिक्षण फारच पक्कं झालं. लग्न होऊन या घरी आल्यावर त्यांनी गल्लीतल्या पोरांची रविवारची पाठशाळा सुरू केली, ती तीस वर्षं चालवली. रस्त्यावरचा दिवा बंद पडला की आजही नगरपालिकेत आक्काच जातात आणि तिथला माणूस त्यांना बघून आधी वायरमनला फोन लावतो, मग नमस्कार करतो. मला त्यांचा अभिमान नाही असं नाही. पण अभिमान वाटणं वेगळं आणि रोज एका घरात राहणं वेगळं.

मागच्या हिवाळ्यात गुरुकुलाचा अमृतमहोत्सव होता. पंचाहत्तर वर्षं झाली. अध्यक्ष नानासो यांनी 'भावी विद्यार्थिनी निधी' काढला. दात्यानं पुढं येणाऱ्या एका मुलीचा खर्च उचलायचा आणि सभागृहातल्या फरशीवर दात्याचं नाव कोरायचं. पंख्यांच्या पात्यांवर नावं लिहायला आता जागा उरलेली नाही, म्हणून फरशी. महिला मंडळातर्फे वर्गणीचं काम आक्कांनी अंगावर घेतलं, म्हणजे गाडी चालवायचं काम माझ्या अंगावर आलं.

आम्ही कराड केलं, कडेगाव केलं, सांगलीच्या पेठा केल्या. लोक देत होते, खरंच हात आखडत नव्हते. पण पैसे पिशवीत पडले की आक्का उठत नसत. कराडच्या एका कापड दुकानात मालकानं चहा मागवला, दुकानातल्या सगळ्यांसमोर आक्कांच्या पाया पडला आणि घसघशीत रक्कम दिली. आक्कांनी आशीर्वाद दिला आणि विचारलं, "धाकटी कितवीला हाय रं तुझी?"

"सहावीला, मावशी."

"मग धाड की आमच्याकडं. जागा हाय."

तो हसला. "मावशी, पुढच्या वर्षी अजून एका पोरीचं देतो. आमचीचं नाव काढू नका. तिची आई मला घरात घेणार न्हाई."

"पैसं देतोस आनि पोरगी देत न्हाईस. मग तुझ्या पैशानं मी शिकवू कुणाला? फरशीला?"

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. मी मान खाली घालून साड्यांच्या किमती वाचत बसले.

खरी गोष्ट अशी की आक्का बरोबर बोलत होत्या. शंभर मुलींसाठी बांधलेल्या वसतिगृहात आता पंचवीसही मुली नाहीत. प्रत्येक गावात इंग्रजी शाळेची पिवळी बस दारात येते. घरात एक किंवा दोनच मुलं. कुठली आई आठ-दहा वर्षांच्या मुलीला दूर ठेवेल? मी बी.एस्सी. झालेली, कराडच्या वसतिगृहात राहून शिकलेली, पण तेव्हा मी अठरा वर्षांची होते. ब्राह्मीला अजून स्वतःची वेणी घालता येत नाही. शाळेची बस जरा उशिरा आली तरी मी दारापासून कोपऱ्यापर्यंत फेऱ्या मारते.

मुख्य दिवशी सकाळी मांडव खचाखच भरला होता. आमच्यात अभिषेकाच्या कलशाचा मान कुणाचा हे बोलीनं ठरतं. त्याला सवाल म्हणतात. पंडितजी रक्कम पुकारतात, कुणी वाढवतं, आणि "तीन वार" म्हटलं की सवाल सुटला. देवासमोर सुटलेला सवाल कुणी माघारी घेत नाही, हे आमच्यातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. त्या दिवशीची रक्कम भावी विद्यार्थिनी निधीत जाणार होती. पहिल्या कलशाला कराडचे एक व्यापारी आणि सांगलीचे एक बागायतदार इरेला पेटले. आकडा लाखावर गेला. ढोल वाजत होता, माईक शिट्ट्या घालत होता. पंडितजी घामाघूम होऊन विचारत होते, "अजून कोण? याच्यावर कोण?"

माझ्या शेजारून आक्का उठल्या. मला वाटलं पाणी प्यायला निघाल्या.

"माझी नात!" त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "पैसं सगळ्यांनी दिलं. मी विद्यार्थिनी देते. ब्राह्मी अरिहंत चौगुले."

मग कुणीतरी जयजयकार केला, बायका टाळ्या वाजवायला लागल्या, आणि पंडितजींनी, त्यांच्या तोंडात तीच लय बसलेली, पुकारलं, "ब्राह्मी एक वार! ब्राह्मी दोन वार! ब्राह्मी तीन वार!"

मी उभी राहून "अहो, थांबा" म्हटलं. ढोलात ते मलाही ऐकू आलं नाही. ब्राह्मी मैत्रिणींबरोबर मागं खेळत होती. तिला ओढत पुढं नेलं, डोक्यावर मुकुट ठेवला, आणि माझ्या मुलीनं फोटोत दिसते तशी खुशीत हसत कलश धरला.

परतताना गाडीत मी बोलले नाही. घरी आल्यावर बोलले.

"आक्का, तुम्ही मला विचारलं होतंत?"

"तू न्हाई म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाहीत?"

"व्हय."

हे असं. आक्का खोटं बोलत नाहीत. भांडताना तर हा गुण फार जाच करतो.

अरिहंतना म्हटलं, तुमच्या आईशी तुम्ही बोला. ते म्हणाले, "जून यायला अवकाश आहे. बघू." आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली, त्यातली अर्धी या 'बघू'वर गेली आहेत. मी नानासोंना फोन केला. नानासो गोड बोलणारे गृहस्थ आहेत, मुद्द्यावर यायला त्यांना वेळ लागतो. शेवटी म्हणाले, "ताई, तीन वार झाले हो. आता मी नाही म्हटलं तर उद्या लोक पैशाचे सवालही मागं घेतील. आणि असं बघा, ब्राह्मी आली की तिला बघून दहा येतील."

म्हणजे माझी मुलगी यांचं बियाणं.

दुसऱ्या दिवशी चौकात फलक लागला. मुकुट घातलेली ब्राह्मी, खाली हार्दिक अभिनंदन, त्याखाली गल्लीतल्या तरुण मंडळाचे नऊ चेहरे. भाजीवाली म्हणाली, "लय मोठं मन तुमचं, वहिनी." समाजाच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. अभिनंदन करणाऱ्या बायकांपैकी एकीनंही आपली मुलगी पाठवायचं म्हटलं नव्हतं. माझी जाणार म्हणून सगळ्यांना समाधान मिळालं होतं. मी फलक काढायला सांगितला तर मंडळातला साईराज म्हणाला, "वहिनी, पंधरा दिवसांचं भाडं भरलंय."

ब्राह्मीला या सगळ्याची गंमतच वाटत होती. ती आक्कांकडून गुरुकुलाच्या गोष्टी ऐकायची: चिंचेचं झाड, नदीवरची आंघोळ, सणाला खपली गव्हाची गोड हुग्गी, प्रार्थनेत पहिल्या रांगेत उभं राहायचा मान. मी स्वयंपाकघरातून ऐकत धुसफुसत असे. मार्चमध्ये एक दिवस तिनं आक्कांच्या मांडीवर पाय टाकून विचारलं, "आक्का, तू पहिल्यांदा गेलीस तेव्हा रडलीस का गं?"

मी हातातलं काम थांबवलं. 'न्हाई' म्हणणं किती सोपं होतं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "रडले की."

"लय?"

"लय. दिवाळीपर्यंत. दुपारी बाकीच्या पोरी झोपल्या की फाटकापाशी जाऊन बसायची मी. आमचा आप्पा येतोय का बघायची."

"आले का मग?"

"न्हाई आला. त्याला काम हुतं."

ब्राह्मीनं पाय काढून घेतले आणि ती आक्कांना चिकटून बसली. म्हणाली, "मग मला का पाठवतेस?"

आक्कांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. त्या दिवशी मावळतीला त्या जेवल्या नाहीत. मी दोनदा बोलवलं. "पोट बरं न्हाई" असं म्हणणं खोटं ठरलं असतं, म्हणून नुसतं "नगं" म्हणाल्या.

रविवारी पहाटेच त्या तयार होऊन बसल्या. "चंदना, गाडी काढ. गुरुकुलात जायचंय."

तिथं रविवारच्या पूजेला बरीच मंडळी जमली होती. पूजा संपल्यावर लोक उठायच्या आत आक्का देवासमोर उभ्या राहिल्या. माईक बंद होता, त्यांना लागतही नाही. हात जोडून म्हणाल्या, "मी सवाल चुकीचा घेतला. दुसऱ्याचं लेकरू आपल्या बोलीत लावायचं नसतंय. ब्राह्मी चंदनाची हाय. माझी न्हवं."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ही कबुली मी पहिल्यांदाच ऐकली, आणि ती ऐकताना मला बरं वाटायच्या ऐवजी कसंतरीच झालं.

नानासो लगबगीनं पुढं आले. "आक्का, अहो पण तीन वार..."

"झालं न्हवं तीन वार? मग सवाल फेडायचाच हाय. ज्यानं बोलला त्यानं फेडायचा. जूनपासनं मी येते राहायला."

"तुम्ही? विद्यार्थिनी म्हणून?"

"मला आता कोन पास करतंय? वसतिगृहात राहते. बारक्या पोरींच्यात झोपते. पोरगी नवी आली की दुपारची कुनीतरी जवळ लागतंय. एक वर्सभर. जमतंय का बोला, न्हाई तर ह्यो पंडित हाय, परत पुकारा म्हणावं."

पंडितजींनी घाईघाईनं हात हलवून नको म्हटलं. नानासो माझ्याकडं बघायला लागले. सगळेच बघत होते. मला वाटलं होतं, सवालातून ब्राह्मी सुटली की मीही सुटेन. आता सत्तरीच्या सासूला वसतिगृहाच्या लोखंडी खाटेवर पाठवणारी सून म्हणून तालुका मला ओळखणार होता. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "आक्का, हे मला सांगून तरी करायचं होतंत."

"तू न्हाई म्हणाली असतीस," त्या म्हणाल्या.

जूनमध्ये आम्ही त्यांना सोडायला गेलो. त्या वर्षी नव्या मुली चारच आल्या होत्या. ब्राह्मीनं आक्कांच्या पदराला धरून हंबरडा फोडला. अरिहंत दुसरीकडं बघत उभे राहिले. मी आक्कांच्या रक्तदाबाच्या गोळ्या दिवसवार डबीत भरून दिल्या, कुठली कधी घ्यायची ते चार वेळा सांगितलं, गुडघ्याचं तेल दिलं, जाड पांघरूण दिलं. आक्का म्हणाल्या, "बास आता. नव्या पोरी बघालत्यात. त्यास्नी वाटंल आपलं आई-बाप एवढं कुठं करत्यात." मग वसतिगृहाच्या सोनिया मॅडम आल्या. वयानं माझ्यापेक्षा लहान. म्हणाल्या, "आता घरच्यांनी निघायचं."

आम्ही निघालो. फाटकातून वळून पाहिलं तर आक्का एका नव्या मुलीची वळकटी सोडवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

आता अडचण अशी झाली आहे की गुरुकुलात मुलींना घरी फोन फक्त रविवारी करता येतो, आणि आक्कांनीही तोच नियम स्वतःला लावून घेतला आहे. मी म्हटलं, "तुम्ही काय विद्यार्थिनी आहात का?" तर म्हणे, "पोरींस्नी एक आनि मला एक?" त्यांना सर्दी झालेली मला आठ दिवसांनी कळली. गोळ्या घेतात का, कळत नाही. पावसाळ्यात नदीचं पाणी चढलं तर काय, या विचारानं मला झोप लागत नाही. घरात सगळे झोपलेत आणि मी हे लिहीत बसले आहे. या काळजीपायी मी रोज संध्याकाळी सोनिया मॅडमना फोन लावते. जेवल्या का, पाय दुखतोय का, पांघरूण पुरतं का.

आज मॅडम फार सौम्यपणे म्हणाल्या, "ताई, राग मानू नका. सुरुवातीला सगळ्याच घरच्यांना असं होतं. पण रोज फोन आला की त्यांचं इथं मन लागत नाही. पंधरा दिवस जरा धीर धरा."

मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. उद्या लावणारच आहे.