उरलेलं अंडं

गेल्या महिन्यात थोडे दिवस मोरा बंदराजवळ आत्याकडे राहून आले. खारघरच्या फ्लॅटमधून एका बॅगेत चार कपडे कोंबले आणि निघाले... कुणाला फारसं काही न सांगता.

चौथ्या महिन्यात आमचं बाळ पोटातच गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, आराम करा. पण घरी आराम होत नव्हता, नुसतं पडून राहणं होत होतं. सोसायटीतल्या बायका प्रेमानेच विचारायच्या, पण मला लिफ्टमध्ये शिरायची भीती वाटायला लागली होती. शेवटी नवराच म्हणाला, "आत्यांकडे जाऊन ये."

आत्याच्या घरामागे छोटीशी वाडी आहे. नारळ, थोडी भाजी, एक तळं, त्यात बदकं... आणि जाळीच्या खुराड्यात ससे. आत्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. चहा झाल्यावर एक टोपली आणून माझ्या मांडीवर ठेवली.

आत सशाची पिल्लं होती. डोळेसुद्धा न उघडलेली. त्यांची आई आदल्या दिवशी मेली होती. पिल्लं व्हायच्या आधी तिने स्वतःच्या पोटाची लव उपटून गादी केली होती, आणि पिल्लं अजून त्या लवेतच झोपली होती.

"यांना दूध तू पाज," आत्या म्हणाली. "माजा हात थरथरतो."

आत्याचा हात अजिबात थरथरत नाही. ती अजून पापलेट असं साफ करते की बघत राहावं. पण मी ड्रॉपर हातात घेतला.

शेळीचं कोमट दूध, ड्रॉपर, थेंब थेंब. घाई केली की पिल्लाच्या नाकातून बुडबुडा यायचा. मग थांबायचं, पुसायचं, परत एक थेंब. दुपारी खाटेवर टोपली कुशीत घेऊन पडायचे... नारळाची सावली अंगावरून सरकत जायची, लांबून लाँचचा भोंगा ऐकू यायचा. झोप लागली की जाग आहे, तेच कळायचं नाही. एका सकाळी एका पिल्लाचा डोळा किलकिला झाला होता. मग हळूहळू सगळ्यांचे...

इकडे एक खुडूक कोंबडी बदकाची अंडी उबवत बसली होती. आत्याची बदकं अंडी घालतात आणि विसरून जातात, म्हणून ती अंडी कोंबडीखाली ठेवते. एके दिवशी पिवळीधम्मक पिल्लं बाहेर आली. कोंबडी त्यांना घेऊन ऐटीत अंगणात निघून गेली. मागे एक अंडं राहिलं.

"ह्ये नासलं असंल," म्हणत आत्याने ते टाकायला उचललं.

मी म्हटलं, "थांब."

का म्हटलं, माहीत नाही. अंडं हातात घेतलं, पण कानाला लावायचं धाडस होईना. सोनोग्राफीच्या खोलीत मी अशीच कान देऊन ऐकत राहिले होते... आणि मशीनमधून काहीच आवाज आला नव्हता. आत्या समोर उभी होती. घाई न करता. शेवटी डोळे मिटले आणि अंडं कानाला लावलं.

टक्.

मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा... टक्.

ते अंडं मी सशांच्या टोपलीत, उबेला ठेवलं. दुपारपर्यंत त्याला एक चीर गेली आणि तिथेच सगळं थांबलं. नखाने कवच सोलायला गेले तर आत्याने हात धरला. "सोलू नको. रगत येईल त्याला. दम खाऊ दे." मग आम्ही दोघी टोपलीजवळ बसून राहिलो. तिने त्या दिवशी भातसुद्धा उशिरा लावला.

ऊन उतरता उतरता ते बाहेर आलं. ओलं, काटकुळं, मान टाकलेलं. मग सुकलं, फुललं आणि सशांच्या पिल्लांमध्ये घुसून झोपून गेलं... आणि मी रडायला लागले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तोंडावर ओढणी न धरता.

आत्या माझ्या शेजारी येऊन बसली. टोपली सारखी करत म्हणाली, "माजा पन एक गेला व्हता. तुज्याहून मोठा असता. मी त्याचं नाव ठेवलं व्हतं."

आमच्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. मी विचारलं, काय नाव? तिने सांगितलं. ते इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि आम्हा नवरा-बायकोने मनात ठरवलेलं नाव मी पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं.

"चांगलं हाय," आत्या म्हणाली. एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याला फोन केला, ये न्यायला. आल्यावर त्यालाही तिथेच, तळ्याकाठी बसवून सगळं सांगितलं. तोही रडला... मला वाटत होतं, तो सावरलाय.

आत्या, तू फेसबुकवर नाहीस, पण हे तुझ्यासाठी. दुःख विसर असं मला सगळे सांगत होते. त्याला नावाने हाक मारता येते, हे तू सांगितलंस.