पेपर सोपा होता, म्हणाली आपा

मोबाइलवर ‘नसरीन आपा’ असं नाव दिसलं, म्हणून मी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. “आपा, ते कालचं सुटलं बरं का, शेवटची पायरी आपण उलटी धरत होतो,” असं म्हणून मी कॉलेजच्या लायब्ररीबाहेर उभी राहून अख्खं गणित सांगून टाकलं.  मग तिचे मिस्टर, रफिकभाई, हळूच म्हणाले, “आशू, आपा न्हाई राहिली.” सनाचा डबा भरता भरता ती डोकं धरून खाली बसली होती. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेताना वाटेतच... मेंदूतली शीर फुटली म्हणे. चौतीस वर्षांची होती. पाच आठवडे झाले, पण मला अजून तो फोन खरा वाटत नाही.

परळीत मी आपाच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहते, पण आमची ओळख झाली ती कॉलेजात. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्यामुळे पहिल्या दिवशी वर्गात मी जीव मुठीत धरून बसले होते. तेवढ्यात एक बाई तीन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आत आली आणि आम्ही सगळे नव्या मॅडम आल्या म्हणून उठून उभे राहिलो. “कावून उठलात रे? मी बी शिकायलाच आलेय,” असं म्हणत ती नेमकी माझ्या शेजारी येऊन बसली. बारावीनंतर तिचं लग्न झालं आणि शिक्षण थांबलं. नवऱ्याचं गॅरेज, घर, सासू-सासऱ्यांची आजारपणं यात बारा-तेरा वर्षं गेली, उशिरा सना झाली. पण गणित डोक्यातून गेलं नव्हतं. बी.एस्सी. व्हायचं, मग बी.एड. करायचं आणि शाळेत गणित शिकवायचं, एवढंच तिचं ठरलेलं होतं.

तिचा अभ्यास स्वयंपाकघरात चालायचा. हाताला पीठ असायचं, म्हणून ती तोंडानं पायऱ्या सांगायची आणि मी लिहायचे. तिच्या वह्यांत निम्मं अक्षर माझं आहे, आणि माझ्या डोक्यातलं निम्म्याहून जास्त गणित तिचं. गणितातलं एप्सिलॉन मला काही केल्या कळत नव्हतं. ती म्हणाली, “तुला पायजे तेवढं लहान घे, फकस्त शून्य करू नको.” हे सनानं ऐकलं आणि गल्लीतल्या मांजरीच्या पिल्लाचं नाव एप्सिलॉन ठेवलं. रफिकभाई चिडवायचे, “मांजर पास होईल, तू ऱ्हाशील.” आणि खरंच तिचा एक पेपर राहिला. परीक्षेच्या दिवशी सनाला ताप होता, आपा जाऊच शकली नाही. मी एम.एस्सी.ला गेले आणि आपाची पदवी त्या एका पेपरावर अडकली.

या वेळी ती तो पेपर पुन्हा देणार होती. मी म्हटलं, तू फक्त अभ्यास कर, सनाला शाळेतून मी आणते. रोज आणतही होते. पण परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात एक दिवस मी लायब्ररीत एका सिद्धतेत इतकी गुंतले की पंधरा मिनिटं उशीर झाला. सना एकटीच फाटकाबाहेर पडून, वीज केंद्राच्या राखेचे टिप्पर वळतात त्या कोपऱ्यापर्यंत गेली होती. एका केळीवाल्या चाचांनी तिचा हात धरून ठेवला होता. मी घरी येऊन रडत सगळं सांगितलं. आपानं सनाला पोटाशी धरलं. मग म्हणाली, “तू सांगितलंस ना खरं. बस झालं.”

पेपरच्या दिवशी मी शाळा सुटायच्या ठोक्याला, साडेबाराला पोचले, तर आपा पायरीवर बसलेली. मला धक्काच बसला, पेपर तर एकपर्यंत होता. “सोपा होता गं, लवकर सुटला,” ती म्हणाली. मला आनंद झाला...

ती गेल्यानंतर निकाल लागला. आपा नापास होती. रफिकभाई म्हणाले, “पेपरची झेरॉक्स भेटती म्हणं. तिचं शेवटचं लिहिलेलं हाय ते.” आम्ही अर्ज केला. प्रत मेलवर आली, ती मी छापून घेतली आणि दुकानातच उभ्या उभ्या वाचली. लिहिलं होतं तेवढं बरोबर होतं. पण मला जे प्रश्न तिनंच शिकवले होते, ते शेवटचे दोन कोरे होते. शेवटच्या पानावर कच्च्या कामाच्या जागी एक छोटी वजाबाकी होती. साडेबारातून चालायची वीस मिनिटं वजा. बारा दहा. त्याभोवती गोल.

मी ते पान रफिकभाईंना दाखवलं आणि माझ्या उशिराचं पुन्हा सांगितलं. त्यांनी ती ओळ आत जाईल असा कागद दुमडला. “सध्या सनाला सांगू नको,” एवढंच म्हणाले. हा लेखही त्यांना विचारूनच लिहिते आहे. मोठी झाल्यावर सना वाचेल तेव्हा तिला कळावं, की अम्मी तिच्यामुळे पेपरातून उठली नव्हती. माझा भरवसा उरला नव्हता, म्हणून उठली होती.

आता सनाला रोज मीच आणते. बारा दहाला मोबाइलचा गजर वाजतो आणि गणित कुठल्याही ओळीवर असलं तरी मी वही मिटते. शाळेच्या पायरीवर मी बसत नाही, बाजूला उभी राहते. सुटल्यावर सना येते, त्या पायरीवर बसून बुटाचा पट्टा नीट करते. तो सुटलेला नसतो. मग उठून माझा हात धरते...