होडीचा दोर आणि दीर्घ ई

शाळा तपासणारे डेप्युटीसाहेब आमच्या दारात टांग्यातून उतरले. इन्स्पेक्शन पुढच्या आठवड्यात ठरलं होतं, साहेब आजच आले. आणि इकडे वाढवण गावच्या किनाऱ्यावर सुतकी कळा, कारण नथू तांडेलाची होडी वाऱ्यात सापडली होती, परत आलीच नव्हती. तांडेल म्हणजे होडी चालवणारा मुख्य माणूस. त्याची कमळी माझ्या पहिलीच्या वर्गात, पुढच्याच रांगेत बसली होती.

एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यानची ही गोष्ट. शाळा म्हणजे समुद्राकडे तोंड केलेली एक खोली. स्कूल बोर्डाचा निरोप स्पष्ट होता: पहिलीचा निकाल वाईट लागला, तर वर्ग बंद. पोरांनी खाडीपलीकडच्या शाळेत जावं. आता सहा वर्षांचं पोर भरतीच्या वेळी खाडी ओलांडून कुठलं जातंय? वर्ग बंद म्हणजे शिक्षण बंद, पोरी मासळी सुकवायला. एवढं सरळ होतं ते.

आता ह्रस्व-दीर्घ. ‘इ’ तोंडात पटकन संपते ती ह्रस्व, ‘ई’ लांबते ती दीर्घ. मोठ्यांना सोपं वाटतं. माझ्या पोरांची घरची बोली वेगळी, बाजारात गुजराती कानावर, आणि पुस्तकात ही तिसरीच मराठी! फळ्यावर घसा फोडून मी दमलो. मग एकदा किनाऱ्यावर होडी वाळूवर ओढून घेताना पाहिली. माणसं ‘हेऽऽ’ म्हणत दोर ताणतात, ‘हुप्’ म्हणून पाय रोवतात. लांब आणि आखूड, तयारच की! एक जुना दोर वर्गात आणला. दोर ताणला की ‘ईऽऽ’, सैल सोडला की ‘इ’. मीऽऽठ, मिरची. सूऽऽप, सुकट. पोरं घरून शब्द शोधून आणायला लागली, दीर्घ शब्दांवरून भांडायला लागली. मला केवढा आनंद झाला होता!

पण गावची एक रीत होती. होडी बेपत्ता असेल तोवर गावात कोणी ओढायची ती ‘हेऽऽ’ची हाळी देत नाही. बाकीच्या होड्या मुकाट्यानेच वर घेतात. कारण हाळी ऐकली की घराघरातल्या बाया समजतात, कोणीतरी आलं. म्हणून मी दोर गुंडाळून कोपऱ्यात टाकला होता आणि पाटीवर धडे चालवले होते.

साहेब खुर्चीत बसले. घाम पुसला. “तुम्ही म्हणे दोरावर शिकवता? दाखवा पाहू.”

“साहेब, आज नको.” मी त्यांना बाजूला घेऊन होडीचं, हाळीचं सगळं सांगितलं.

“वाईट झालं,” ते म्हणाले. माणूस दुष्ट नव्हता. “बरं, दोर राहू द्या. तोंडी घेतो.”

त्यांनी एकेकाला उठवलं. पोरं उठली, खाली बघत उभी राहिली. घरी सगळे कुजबुजत बोलत होते, पोरंही तशीच ओठांतल्या ओठांत पुटपुटली. साहेबांनी पुन्हा विचारलं, मग पेनाचं टोपण काढलं.

“गुरुजी, यांना काही येत नाही असंच लिहावं लागेल. मला संध्याकाळपर्यंत सायवनची शाळा गाठायचीय. पुन्हा येणं होणार नाही.”

“येतं हो त्यांना! आजचा दिवस तरी बघा!”

तेवढ्यात कमळी उठली. कोपऱ्यातला दोर ओढत मधोमध आणला. मी म्हणालो, “कमळे, ठेव तो.” तिने ऐकलं नाही. दोर खांद्यावर घेतला आणि एवढ्याशा छातीतून जी हाळी दिली, “हेऽऽ!” सवयीने सगळी पोरं दोराला धावली. हुप्! ईऽऽ! इ! मीऽऽठ! मिरची! शाळा दणाणली. साहेबांचा चेहरा खुलला. मी “पुरे! पुरे!” ओरडत होतो, पण पोरांच्या आवाजात माझं कोण ऐकतंय?

दारातून किनारा दिसायचा. कमळीची आई, रुखमी, धावत गेली. डोक्यावर पदर नाही, हात मासळीने माखलेले. मागून आणखी बाया. ती थेट पाण्यात शिरली आणि इकडेतिकडे बघत राहिली. समुद्र मोकळा. मग ती वळली, शाळेच्या दाराशी आली.

“गुरुजी, कोणाची आली?”

बाकीच्या पोरांनी दोर सोडला. रुखमीने लेकीच्या खांद्यावरचा दोर पाहिला.

“आये,” कमळी म्हणाली, “मी हाळी दिली. आता बाबाची होडी येईल ना?”

पोरीने जन्मापासून हेच पाहिलं होतं. हाळी होते, आणि बाप वाळूवर उतरतो. रुखमीने तिला मारलं नाही, रागावलीही नाही. तिचा हात धरला आणि घेऊन गेली.

साहेब दारापर्यंत जाऊन परत आले. “मला कल्पना नव्हती हो, गुरुजी.”

“मी सांगितलं होतं,” मी म्हणालो. वरिष्ठांशी असं बोलू नये, पण बोललो.

त्यांनी शेरा लिहिला: वर्ग उत्तम. पहिली टिकली. होडी आली नाही.

रुखमीने पोरीला शाळेतून काढलं नाही, हे तिचे उपकार. कमळी चौथीपर्यंत माझ्याकडे होती. शुद्धलेखनात सगळ्यांत पुढे, वेलांटी कधी चुकली नाही. पण त्या दिवसानंतर तिने वर्गात मोठ्याने एक अक्षर वाचलं नाही. मीही कधी वाचायला लावलं नाही, तोंडी परीक्षेचे मार्क पाटी बघून देत गेलो.

पुढे माझी तलासरीकडे बदली झाली. तिथे समुद्र नव्हता. तरी नवे मास्तर धडे कसे घ्यावेत विचारायला आले, की मी सांगे: पोरांच्या घरातलं काही शिकवायला उचललंत, तर त्या घरात आज काय चाललंय ते रोज सकाळी विचारून या, आणि नको असेल त्या दिवशी ते वर्गात ठेवूच नका.