देवघरातला फ्यूज

घरात स्वतःच दुरुस्त्या करणारा माणूस असला की दोन गोष्टी साठत जातात. पहिली, उरलेले स्क्रू. पंखा उघडला, पुसला, पुन्हा जोडला, तो झकास फिरायलाही लागला, तरी हातात एक स्क्रू उरतोच! तो कुठला, ते कुणालाच आठवत नाही. मग तो चहाच्या रिकाम्या डब्यात जातो. दुसरी गोष्ट म्हणजे किस्से. तेही असेच कशाकशातून उरलेले. परवा तो डबा आवरायला काढला आणि स्क्रूंबरोबर किस्सेही बाहेर पडले.

आमचे हे एका कारखान्यात फिटर होते. नव्वदच्या सुमाराला आम्ही इंदिरानगरला राहायला आलो. एका जिन्यावर चार बिऱ्हाडं, खाली जिन्याच्या पोटात चार मीटर आणि त्यांचे चार पांढरे चिनीमातीचे फ्यूज. समोरच्या दारात निकमभाऊ. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई.

कारखान्यात ह्यांच्या डोक्यावर हेल्मेट, हातात मोजे, पायात बूट. घरी बनियन, लुंगी आणि अनवाणी! मी एकदा विचारलं, "अहो, तिथे एवढं सगळं घालता, मग इथे का नाही?"

"तिथे साहेब बघत असतो."

मी देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. हे वर बघून म्हणाले, "त्याचा बल्ब मीच बदलतो!"

खरंच होतं ते. ह्यांचा आणि देवघराचा संबंध तेवढाच. उपासतापास, वाती, पोथ्या ही माझी खाती. ह्यांनी त्याला कधी नावं ठेवली नाहीत आणि कधी हातही जोडले नाहीत.

*

पहिल्याच वर्षी मिक्सर चिमटे काढायला लागला. सासूबाईंची शिस्त अशी, की स्वयंपाकघरात चपला येता कामा नयेत आणि फरशी सकाळ-संध्याकाळ पुसलेली असली पाहिजे. म्हणजे ओली फरशी, अनवाणी पाय आणि हातात चटणीचं भांडं. झिणझिण्या आल्या की सासूबाई हात झटकायच्या आणि मिक्सरला एक चापट मारायच्या.

ह्यांनी मिक्सर तपासला आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, "याला अर्थिंग मिळत नाहीये. प्लगची तिसरी पिन कुणीतरी कापून टाकलीय."

"कुणी रे?" सासूबाईंनी विचारलं.

जुन्या घरात तीन पिनांचा सॉकेट नव्हता. प्लग बसावा म्हणून ती पिन ह्यांनीच करवतीने कापली होती! पुरावा चहाच्या डब्यात निघाला.

नवा प्लग बसला, अर्थिंगची तार ओढली गेली. तरी ह्यांचं म्हणणं, की मिक्सर लावताना पायात रबरी चप्पल हवी. झालं! घरात दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी तोड मी काढली. नव्या कोऱ्या रबरी चपला आणायच्या, त्या उंबऱ्याबाहेर न्यायच्याच नाहीत. सासूबाईंनी बराच विचार करून होकार दिला. चपला आल्या. त्यांनी त्या धुतल्या, पुसल्या, वर गोदावरीचं पाणी शिंपडलं आणि फडताळाच्या वरच्या फळीवर कपड्यात गुंडाळून ठेवल्या.

निकमवहिनी बघायला आल्या. "काकू, घालून तर दाखवा!"

"घालून?" सासूबाई म्हणाल्या, "आणि खराब झाल्या म्हणजे?"

*

खंडेनवमीला घरातली हत्यारं पाटावर मांडून मी पूजा करते. त्या वर्षी पक्कड, पाना, स्क्रू ड्रायव्हर यांच्यात पहिल्यांदाच एक ड्रिल मशीन होतं. हप्त्याने घेतलेलं, ह्यांचं लाडकं. पाटावर मानाची जागा अर्थातच त्याला. मी त्याला ओलं गंध लावलं, फूल वाहिलं, वर भरपूर अक्षता टाकल्या. मशीनच्या पोटाला बारीक फटी असतात, त्या हवा जाण्यासाठी, हे मला कुठून ठाऊक असणार? मला वाटलं, नक्षी आहे.

दुसऱ्या दिवशी दसरा. तोरणासाठी भिंतीला भोक पाडायला हे स्टुलावर चढले, बटण दाबलं. आधी खुळखुळ्यासारखा आवाज आला. मग आतून निळी ठिणगी, मग धूर आणि जळक्या तांदळाचा वास!

ह्यांनी मशीन टाकलं नाही, हे विशेष. आधी भिंतीवरचं बटण बंद करायला मला सांगितलं, मग पिन काढवली, मग खाली उतरले. मशीन उघडून एकेक अक्षत चिमट्याने वेचली आणि माझ्या तळहातावर ठेवत गेले. शेवटची अक्षत ठेवल्यावर म्हणाले, "पूजा जरूर कर. पण विजेच्या वस्तूला कोरडं कुंकू. पाणी नाही, गंध नाही, अक्षता नाहीत."

"आणि फूल?"

थोडा विचार करून म्हणाले, "फूल चालेल. बाहेरून."

*

आता निकमभाऊंचा किस्सा. यात हसण्यासारखं काय आहे, हे मला अजून नीटसं कळलेलं नाही. पण सांगताना लोक हसतात खरे.

निकमभाऊ म्हणजे परोपकारी माणूस. कुणाचा नळ वाहतोय, बंद करणार. कुणाचं फाटक उघडं, लावणार. त्या दिवशी हरतालिका होती. मी निर्जळी उपास धरून वाळूच्या पिंडीपुढे बसलेले. ह्यांनी खाली जाऊन आमचा फ्यूज काढला, मीटरवरच ठेवून दिला आणि वर येऊन बाथरूममधल्या गीझरच्या तारा सोडायला घेतल्या.

ज्यांच्यासाठी हरतालिका करतात त्यांचं आयुष्य मी देवाकडे मागत होते आणि हे दहा पावलांवर ओल्या स्टुलावर उभे होते!

एकदम 'धप्प' असा आवाज आला. जाऊन बघते तर हे भिंतीला टेकून बसलेले. चेहरा पांढराफटक, उजव्या हाताची दोन बोटं काळी पडलेली. ओठ हलत होते, पण शब्द येत नव्हता. तेवढ्यात दारातून निकमभाऊंचा आनंदी आवाज!

"वहिनी, तुमचा फ्यूज खाली निखळून पडला होता. बसवून आलो बरं का!"

डॉक्टरांकडून परत आलो. हात बांधलेला. मी साखरपाणी करून ह्यांना दिलं आणि समोर बसले. म्हटलं, "मी वर्षानुवर्षं उपास करत्येय. माझ्यासाठी एक नेम तुम्ही धरा. एकच. फ्यूज काढलात की तो माझ्या हातात आणून द्यायचा. मी देवाजवळ ठेवीन. काम झालं की माझ्याकडूनच घ्यायचा."

"आणि तू घरी नसलीस तर?"

"तर काम होणार नाही."

ह्यांनी बांधलेल्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं."

तेव्हापासून आमच्या देव्हाऱ्यात बाळकृष्ण, अन्नपूर्णा, सुपारीचा गणपती आणि अधूनमधून फ्यूज! सासूबाईंना पहिल्यांदा ते पटेना. "हा कोण?" म्हणून विचारायच्या. मग सवय झाली. निकमभाऊंनाही सवय झाली. फ्यूजची जागा रिकामी दिसली की ते खालूनच ओरडायचे, "वहिनी, देवघरात आहे ना?"

*

एका सोमवारी ह्यांनी फ्यूज माझ्या हातात दिला, तेव्हा मी देवळात निघाले होते. गडबडीत तो देव्हाऱ्याऐवजी पर्समध्ये गेला आणि मी रिक्षाने पंचवटीत पोचले. गाभाऱ्यासमोर दक्षिणा काढायला पर्समध्ये हात घातला आणि गुरुजींच्या ताम्हनात ठेवली ती वस्तू पांढरी, जड, चिनीमातीची.

गुरुजींनी ती उलटीपालटी करून पाहिली. वर्षानुवर्षं लोक काय काय वाहतात, त्यांनी बघितलेलं. चेहऱ्यावर काही न दाखवता त्यांनी कलश उचलला. "अभिषेक करायचा ना?"

"पाणी नको!" मी एवढ्या जोरात ओरडले की रांगेतल्या बायका मागे सरकल्या.

देवळातून बाहेर आले तर भाजीबाजाराच्या तोंडाशी हे फ्यूजसाठी स्कूटर घेऊन उभेच होते. घामाने निथळत, हाताला काजळी. मी फ्यूज पुढे केला. म्हटलं, "घरी तार होती की. दोन टोकं जोडून लाइट चालू करता आली असती तुम्हाला."

"आली असती," म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.

*

मग लोडशेडिंगचे दिवस आले. वर्तमानपत्रातलं वेळापत्रक ह्यांनी कापून फ्रिजवर चिकटवलं होतं आणि माझ्या पंचांगापेक्षा त्याच्यावर ह्यांची श्रद्धा अधिक. "अकरा ते तीन लाइट नाही. ट्यूबचं काम उरकून घेतो."

"फ्यूज?"

"अगं, लाइटच नाही तर फ्यूज कशाला?"

मी हात पुढे करून उभी राहिले. हे पुटपुटत खाली गेले, फ्यूज आणून माझ्या तळहातावर आपटला आणि स्टुलावर चढले.

साडेबारालाच समोर निकमांचा टीव्ही एकदम खणखणीत सुरू झाला. ह्यांच्या दोन्ही हातांत उघड्या तारा होत्या. हे तसेच थांबले.

"निकमांकडे लाइट आली."

"हो."

"आपल्याकडे नाही आली."

"नाही."

हे हळूच म्हणाले, "चहा टाकतेस?"

*

लोडशेडिंगला कंटाळून शेवटी आम्ही इन्व्हर्टर घेतला, फक्त दिवे-पंख्यांपुरता. तो बसवायला सिन्नरहून भिकामामा आले. तीस वर्षं काम केलेले जुने वायरमन, डोक्याला टोपी आणि टोपीत खोचलेला टेस्टर. हे त्यांना कौतुकाने आमच्या फ्यूजची पद्धत सांगायला लागले. मामांनी ऐकून घेतलं. मग टेस्टर काढला, आधी समोर निकमांच्या चालू सॉकेटला लावून पेटतो का बघितलं आणि मगच आपल्या कामाच्या तारेला लावला.

"मामा, फ्यूज देवाजवळ आहे," मी म्हटलं.

"देवाला नमस्कार हाय, ताई. पण टेस्टर लावल्याबिगर मी बायकोचंबी ऐकत नाय."

"आणि आधी निकमांच्या सॉकेटला कशाला?"

"टेस्टर जित्ता हाय का मेला, ते नको बघायला? मेलेला टेस्टर लय गोड बोलतो."

जाताना त्यांनी गॅलरीतल्या इन्व्हर्टरवर हात ठेवला. "आता निवांत ऱ्हावा. लाइट गेली की ह्ये आपोआप चालू व्हनार. तुम्हाला हातबी लावायचा नाय!"

*

त्याला चार दिवस झाले असतील. शुक्रवारची सकाळ. हॉलमधल्या पंख्याचं बटण अडकत होतं. हे खाली गेले, फ्यूज आणला, माझ्या हातात दिला. मी देव्हाऱ्यात ठेवला. फ्रिजची घरघर थांबली होती, म्हणजे लाइट बंद. सासूबाई दिवाणावर वाती वळत बसलेल्या.

ह्यांनी बोर्डाचं झाकण उघडलं, पक्कड हातात घेतली.

"टेस्टर लावलात?" मी विचारलं.

"फ्यूज तुझ्या देवाजवळ आहे ना?"

"आहे."

"मग? इतक्या वर्षांत कधी चुकला का तो?" हे चक्क हसत होते. "तुझाच विश्वास उडाला की काय?"

मामांचं बोलणं डोक्यात होतं एवढंच. मी डब्यातून टेस्टर काढला आणि ह्यांच्यापुढे धरला. पूर्वी फ्यूजसाठी हात पुढे करून उभी राहायचे, तशीच उभी राहिले.

ह्यांनी पक्कड खाली ठेवली. माझं मन राखायचं म्हणून टेस्टर घेतला आणि तारेला टेकवला.

टेस्टर पेटला.

हे टेस्टरकडे बघत राहिले. मग देव्हाऱ्याकडे बघितलं. फ्यूज तिथेच होता, बाळकृष्णाच्या पायाशी. मग गॅलरीत बघितलं. तिथे इन्व्हर्टरचा हिरवा दिवा शांतपणे लागलेला होता. लाइट गेली होती, म्हणून तो आपोआप चालू झाला होता. कुणाला हात लावावा लागला नव्हता.

ह्यांनी गॅलरीत जाऊन तो बंद केला. परत येऊन टेस्टर पुन्हा लावला. पेटला नाही. तरी हे कामाला लागेनात. बोर्डासमोर स्टुलावर बसूनच राहिले. सासूबाईंनी वाती बाजूला ठेवल्या, गुडघ्यांवर हात टेकत उठल्या आणि फडताळाच्या वरच्या फळीवरून ते गाठोडं काढलं. दहा-बारा वर्षांनी त्या चपला बाहेर आल्या. त्यांनी त्या ह्यांच्या पायाशी ठेवल्या.

"घाल," म्हणाल्या, "खराब झाल्या तरी चालतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून पूजेला बसले. ह्यांचा चहा झाला होता, बाहेर पेपर वाचत होते. देव्हाऱ्याचं दार उघडलं तर अन्नपूर्णेच्या शेजारी टेस्टर उभा करून ठेवलेला. त्याला हळदकुंकू लावलेलं होतं.

मी बोटाने पाहिलं. कोरडं होतं.